गाडीखालचा कापूस

"पडला तो माहा."

एवढं बोलून ती खराटा घेऊन सरळ गाडीखाली शिरायची. बैल जुंपलेले असोत की सोडलेले, तिला फरक नव्हता. बैलानं शेपटी मारली तर त्यालाच दम भरायची, "सरक मेल्या, तुह्या बापाचा हाय का?"

मी अमरावतीच्या कापूसबाजारात हमाल होतो. गाडीतले कापसाचे बोरे पाठीवर घेऊन शेठच्या गोदामात टाकायचे, हे माझं काम. तिचं घर आमच्या घराला लागून. वलगावकडची म्हातारी विधवा, मागेपुढे कोणी नाही. आम्ही हमाल तिला बुढी म्हणायचो, माझी बायको मावशी म्हणायची.

रीत जुनी होती. गाडीतून, बोऱ्यातून जो कापूस खाली सांडेल, तो झाडून नेणाऱ्या गरिबाचा. शेतकरी, दलाल, शेठ, कोणी त्याला हात लावत नसे. बुढी माती-पाला झटकून तो घरी न्यायची, लहानशा रेच्यावर सरकी काढायची. सरकी म्हशीवाल्याला, रुई पिंजाऱ्याला. त्यावर तिची चूल पेटायची.

तुम्ही म्हणाल, भीकच की ती. तिच्यासमोर म्हणून पाहायचं होतं. मागणाऱ्याची मान कशी असते ते तुम्हीही पाहिलं असेल. तिची मान तशी मी कधी पाहिली नाही. उलट आम्हीच तिचं देणं लागतो अशा तोऱ्यात ती बाजारात फिरायची.

"काय व बुढे, आज एवढुसाच?" एखादा हमाल चिडवायचा.

"तू नीट चालतं म्हणून. जरासा लंगडत चाल ना बापा."

मग तो खरंच लंगडायचा. बोरा हलायचा, कापूस सांडायचा, बुढी तोंड वाकडं करून हसायची. शेठसुद्धा ओट्यावरून हसायचा. "बुढे, एक दिवस मलेबी झाडून नेशीन तू."

"तुमच्यात सरकीच लय हाय, शेठ. रुई निंघत नाई."

शेठ पोट धरून हसायचा. माणूस वाईट नव्हता. हे मी आज सांगतो, तेव्हा सांगितलं नसतं.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा झाला. भाव असा चढला, की लोकांनी जवारीचं रान मोडून कापूस पेरला. शेतकऱ्याच्या पायात नवा जोडा आला. पण जवारी घ्यायला गेलं की तोंडचं पाणी पळायचं. ज्याच्याकडे विकायला कापूस नाही, तो मेलाच.

शेठनं आवारात पहारेकरी उभा केला. सांडलेला कापूसही आता शेठचा. झाडताना कोणी सापडलं तर ती चोरी.

बुढी खराटा घेऊनच ओट्यापाशी गेली. "शेठ, काललोक माहा होता. आज चोरी कशी झाली?"

शेठ तिच्याकडे न पाहता बोलला. "फुकट भेटलं की माणूस आळशी होते, बुढे. सायेब बराबर म्हणते. विलायतेत आता तसं देतच नाईत. आधी काम, मंग दाणे. बडनेऱ्याच्या रस्त्यावर गिट्टी फोडाचं काम निंघालं, जाय तिथं."

"मी आळशी? दिवसभर तुह्या आंगणात वाकते कोण रे?"

शेठ उठून आत गेला.

थोड्या दिवसांनी त्याच बाजारात सभा भरली. सरकारी कारकून उभा राहिला. विलायतेत पुरेसा कापूस पोचत नाही, गिरण्या बंद पडल्या, तिथले विणकर उपाशी आहेत, त्यांच्यासाठी वर्गणी द्या, असं तो सांगू लागला. शेठ पुढे गादीवर, आम्ही हमाल मागे उभे. विलायतेत गरीब असतात हेच आम्हाला नवीन. "गोऱ्या लोकाईतबी उपाशी?" कोणीतरी बोललं आणि सगळे हसले.

बुढी हसली नाही. लोकांना कोपरानं ढकलत पुढे गेली. "त्याईले कोणी काही देत नाई का?"

"देतात, आजी. पण चौकशी करून. खरा गरजू कोण, चालचलन कशी, ते पाहून. आणि धडधाकट असला तर त्यानं आधी गिट्टी फोडायची."

"विणकरानं गिट्टी?"

"हो."

"मंग त्याचे बोटं?"

कारकुनानं वर्गणीची वही उघडली. बुढी तरातरा घरी गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. बंदीच्या आधी झाडलेला, सरकी काढून ठेवलेला कापूस. घरात उरलेला तेवढाच. तिनं तो कारकुनापुढे ठेवला. "कापूस नाई म्हणून उपाशी हायेत ना? मंग हा धाडा त्याईले."

आता तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारकून म्हणाला, "आजी, रुपये पाहिजेत."

"रुपये कातता येतेत का?"

तेवढ्यात पहारेकरी पुढे आला. "शेठ, हा आपल्या आवारातलाच कापूस हाय."

हसणं थांबलं. सगळे शेठकडे पाहू लागले. कारकूनही पाहत होता. शेठ खाली मान घालून पहारेकऱ्याला म्हणाला, "ठेवून घे."

बुढीचा हात गाठोड्यावर तसाच राहिला. मग तिनं तो काढला. "चोरीचा नाई, सांगजा त्याईले," कारकुनाला म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती गिट्टीवर. मुकादम ढीग पाहून दाणे द्यायचा. तिचा ढीग लहान, दाणेही तसेच. माझ्या बायकोला राहवेना. एका संध्याकाळी तिनं बुढीला हात धरून जेवायला आणलं. बुढीनं आधी आमचं अंगण झाडलं, मगच पाटावर बसली.

"मावशी, हे काय करता? भाकर निवून राहिली."

"फुकटाचं नाई खात मी."

"आधी तं माह्या घरून लोणचं वाटीभर घेऊन जात होत्या. मले इचारतबी नोत्या."

"तवा मी माहं खात होती, माय. त्याच्यात तुह्यं जरासं घेतलं तं काय झालं? आता सारंच तुह्यं हाय."

बायकोच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तव्यावरची करपली.

त्यानंतर बुढी रोज आली, पण अंगण झाडल्याशिवाय एकदाही घास घेतला नाही. बायको तिच्याआधी उठून अंगण झाडून ठेवायची, तर ती मागचा गोठा झाडायची. पुढच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला, तो उतरला नाही. शेवटचं पाणी माझ्या बायकोनंच पाजलं. आता बायकोही गेली. दोघींचं बोलणं मला तोंडपाठ आहे, पण "नाई, तसं नाई म्हणली मावशी, असं म्हणली," असं टोकणारं घरात कोणी राहिलं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.

लढाई संपली तसा भाव कोसळला. शेठनं पहारेकरी काढून टाकला. ओट्यावरून म्हणाला, "झाडू द्या, कोणाले झाडाचा असन तं."

कोणी आलं नाही. कापूस गाड्यांखाली पडून राहिला. आम्ही पाठीवर बोरे घेऊन त्याला वळसा घालून चालायचो. शेठ ओरडायचा, "सरळ चाला रे, एवढी वाट हाय!"

वाट होती. पाय पडत नव्हता.