झाडांची रात्र

ते प्रकरण बंद झालं, नंतर मी निवृत्तही झालो, पण त्यातली एक गोष्ट अजून मनात बंद होत नाही.

मी मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या बाजूला, डिटेक्टिव्ह होतो. राज्याने औषधी गांजाच्या शेतीला परवाने दिले आणि ज्या पिकासाठी आम्ही लोकांची दारं फोडत होतो, त्याच्याच राखणीला आम्हाला बोलावणी येऊ लागली. एका परवानाधारक मालकाने तक्रार दिली : कुणीतरी परागकण आणून टाकले आणि माझं पीक नासवलं. शेती म्हणजे बिनखिडक्यांचं गोदाम. आत फक्त मादी झाडं. त्यांना बी धरलं की औषध बनवणारे मालाकडे ढुंकून पाहत नाहीत.

पाठोपाठ निनावी फोन आला. गोदामामागे एका भारतीय मुलीची गाडी उभी होती. पार्किंगच्या कॅमेऱ्यातून नंबर मिळाला. मुलगी अकोल्याची, इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी. संशयित म्हणून इतकी सोयीची, की तिथेच मला खटकायला हवं होतं.

चौकशीच्या खोलीत मी तिला तिचे हक्क वाचून दाखवले. गप्प राहण्याचा हक्क तिने लगेच वापरला. आमच्या खात्यात हा हक्क सगळ्यांना पाठ असतो आणि तो वापरणारा कुणालाच आवडत नाही. मग माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून तिने मराठीत विचारलं, "काका, रेकॉर्डिंग चालू आहे?"

"आहे."

"मी स्टुडंट व्हिसावर आहे. स्टेटसाठी ते क्रॉप आहे, पण फेडरल कायद्यात, म्हणजे व्हिसा देणाऱ्यांच्या कायद्यात, ते अजून ड्रगच आहे. मी तिथे आत गेले होते का, ते विचारू नका. झाड कसं वागतं ते विचारा. तो माझा सब्जेक्ट आहे."

"बरं. बाहेरून परागकण न येता बी धरतं?"

"धरतं. फुलावर आलेल्या झाडाला रोज सलग अंधार लागतो. तो पुन्हा पुन्हा डिस्टर्ब केला, तर मादी झाडच घाबरून नर फुलं काढतं."

"घाबरून?"

"सायन्समध्ये स्ट्रेस म्हणतात. मला घाबरून जास्त बरोबर वाटतं." स्वेटरची बाही ओढून तिने हाताचा पंजा झाकून घेतला होता.

बाहेर माझा सार्जंट कॉफी घेऊन उभा होता. "काय म्हणते तुझी पुतणी?" त्याला मराठीतला 'काका' एवढा एकच शब्द येत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामात गेलो. दर्शनी भिंतीवर फोटोच फोटो : आमदार, बँकवाले, कसल्याशा समितीचे अध्यक्ष. सगळे कोट घालून गांजात उभे आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर विज्ञानाबद्दलचा आदर. "चला, फुलांची खोली दाखवतो," मालक उत्साहाने म्हणाला. दार उघडून त्याने बटण दाबलं. अंधारातली झाडं लख्ख उजेडात आली.

"दुपारी दिवे बंद?" मी विचारलं.

"वीज रात्री स्वस्त पडते. म्हणून यांचा दिवस रात्री आणि रात्र दिवसा."

"आणि पाहुणे?"

"पाहुणे दिवसाच येणार ना. गेल्या महिन्यात तर रोज..." त्याचा हात अजून बटणावरच होता.

"आधी ते दिवे बंद करा," मी म्हणालो.

राज्याच्या तपासनिसाने झाडं पाहिली. मादी झाडांवरच नर फुलं सापडली. गुन्हा नव्हताच. मुलीला सोडलं आणि अहवालात मी तिचं नाव टाळून 'वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीकडून मिळालेली माहिती' एवढंच लिहिलं.

गप्प बसणारा माणूस गुन्हाच लपवत असतो, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. या प्रकरणात आत जाऊन दिवे लावणाऱ्यांचे फोटो भिंतीवर होते, आणि झाडांना काय झालं हे ओळखणारीला तिथे पाऊल ठेवलं हेसुद्धा बोलायची सोय नव्हती.

अलीकडे ती ट्रॉयच्या इंडियन ग्रोसरीत भेटली. पीएचडी झाली होती. ग्रीन कार्डचा अर्ज अडकला होता, का ते तिला कुणी सांगत नव्हतं.

"काका, तुमचा तो रिपोर्ट कुणी मागवू शकतं?"

"मागवू शकतं. पण त्यात तुझं नाव नाही."

"नाव नाही," ती म्हणाली. "पण मी आहे ना त्यात."