जावयानं ओवाळलं

लेथ मशीनखाली लोखंडाचा चुरा साठतो, तसे आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये किस्से साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग तयार. सेंटर महापे एमआयडीसीत, आणि मी तिथे पोरांना रोबॉट चालवायला शिकवतो. रोबॉट लवकर शिकतो, पोरं जरा वेळ घेतात.

आमचा रोबॉट म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातला एक भलामोठा पिवळा हात. पोरांनी त्याचं नाव ठेवलंय जावई. का, म्हणून विचारलं तर सौरभ नावाचं आमचं आगाऊ कार्टं म्हणालं, "सर, अख्ख्या सेंटरमध्ये एसी फक्त त्याच्या खोलीत. जरा मनाविरुद्ध झालं की रुसून बसतो, आणि समजूत काढायला पुण्याहून माणूस बोलवावा लागतो."

मीही कुणाचा तरी जावई आहे, त्यामुळे विषय बदलला.

*

जाळीच्या दाराला सेन्सर आहे. कुणीही आत पाऊल टाकलं की रोबॉट जागच्या जागी थांबतो. झाडू मारणाऱ्या शेवंतामावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा मी टेबलाखाली पाय पसरून पेपर तपासत होतो. मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"मी आले की तो जावई बी काम सोडून उभा ऱ्हातो," त्या म्हणाल्या. "तुमाला पाय उचलायचं जिवावर येतं."

तेव्हापासून मी पाय उचलतो. सेन्सरचं मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही. सेंटरमध्ये निदान एक जण तरी आपल्याला मान देतो, हा त्यांचा समज मी कशाला मोडू?

*

सौरभचे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. कांद्याची गोणी पाठीवर घेऊन धावत जिना चढणारा माणूस. पालक भेटीला आले तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत जावई दाखवला. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, किती वजन उचलतो? मी म्हटलं, सहा किलो.

त्यांनी पुन्हा एकदा जावयाकडे पाहिलं. मग सौरभकडे वळून म्हणाले, "आणि याच्या हाताखाली तू तीन वर्षं काढणार?"

*

दसऱ्याला आम्ही सगळ्या मशीनची पूजा करतो. यंदा सौरभच्या डोक्यात आलं, आरती जावयानंच करायची. या रोबॉटचा हात धरून एकदा फिरवून दाखवला की तो ते लक्षात ठेवतो. पोरांनी त्याच्या पंजात निरांजनाचं ताट दिलं आणि ओवाळायला शिकवलं. पहिल्याच फेरीला त्यानं असा काही हिसका दिला की ज्योत विझली आणि तेल माझ्या नव्या शर्टावर. पोरं खो खो हसली.

हसली नाही ती एकटी प्रणाली. ही जासई गावची मुलगी, कमी बोलणारी, पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिला जमत नाही. डबा न खाता ती जावयापाशी बसली. प्रत्येक वळणावर वेग थोडा थोडा कमी करत गेली. दुपारी जावयानं ओवाळलं तेव्हा ज्योत हललीसुद्धा नाही. मला त्या दिवशी तिचं फार कौतुक वाटलं, पण शर्टाच्या रागात बोलायचं राहून गेलं.

*

याच प्रणालीची दिवाळीनंतर मुलाखत होती. औषधाच्या बाटल्या भरणारी कंपनी. घरून सांगून ठेवलं होतं, ही नोकरी हुकली तर सोमवारपासून काकांच्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या ऑफिसात बसायचं. तिला ते अजिबात नको होतं. आणि मुलाखत घ्यायला सेंटरवर आलेले साहेब असे, की सकाळपासून त्यांनी एकालाही पास केलं नव्हतं.

त्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास जावयाच्या पंजात दिला, बाहेर आले आणि म्हणाले, न सांडता समोरच्या टेबलावर ठेवून दाखव.

आता झालं होतं असं, की सकाळी सौरभनं तिच्यासाठी शुभशकुन म्हणून जावयाकडून एकदा ओवाळून घेतलं होतं, आणि मशीन त्याच प्रोग्रॅमवर ठेवून हा पठ्ठ्या चहाला गेला होता. प्रणालीनं स्टार्ट दाबलं. जावई टेबलाकडे गेलाच नाही. ग्लास घेऊन वर उठला आणि जाळीपलीकडे उभ्या साहेबांना ओवाळू लागला.

 प्रणालीचा हात लाल बटणाकडे गेला, तर साहेब म्हणाले, थांबवू नको. त्यात मागच्या दोन कार्ट्यांनी सवयीनं टाळ्यांचा ठेका धरला.

आरती संपली. साहेब खाली वाकले आणि फरशी बघितली. कोरडी होती.

"हे कुणी शिकवलं याला?"

घाबरली की प्रणालीच्या तोंडी गावची बोली येते. "मीच सर. दिवा इझत व्हता, म्हनून वेग कमी केला."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. दोन्ही हात जाळीपाशी नेले आणि डोळ्यांना लावले.

"सोमवारी जॉइन हो," ते म्हणाले. "प्रसाद तू आणायचास."