सरांनी न केलेली चूक

आमच्या सरांइतका बरोबर असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्या नावावर एकच चूक जमा आहे, आणि ती त्यांनी केलेली नाही. ती मी केली. हे सहा वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. गेल्या रविवारी सरांना सांगितलं, आणि आता इथं लिहितोय. पण आधी सर कसे आहेत ते सांगू द्या. नाहीतर मी काय केलं त्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घ्यायचो. माणसाचं नाव ते दोन मिनिटांत विसरत, उंची मात्र जन्मभर लक्षात. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला की, "अरे, पाच फूट साडेसहा ना तू? बरा आहेस ना?" छावणीतल्या त्यांच्या घराच्या दाराची चौकट पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली. दूधवाला असो, गॅसवाला असो, आधी चौकटीला टेकून उभं राहायचं, मग पाणी. एकदा मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी उभा केला. त्या घरानं नकार कळवला तेव्हा सर म्हणाले, "मुलगा चांगला होता रे. दीड इंच खोटं बोलला, एवढंच." खिशात कायम टेप. बाजारातला टेलर एकदा हात जोडून म्हणाला, "सरजी, मेरा धंदा बंद कराते क्या?" आणि लिहिणं फक्त शाईच्या पेनानं, निळ्या शाईनं. बॉलपेन ही त्यांच्या मते उतावळ्या माणसांची सोय.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी होता एक जीन. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. माणसाला वाढवणारं संप्रेरक तिथनं निघतं. पोटातल्या बाळात ही ग्रंथी घडत असताना प्रॉप-वन नावाचा जीन थोडा वेळ जागा होतो. त्याचं प्रथिन डीएनएला धरतं, पुढच्या जीनला उठवतं, आणि काम झालं की तो गप्प. ज्या मुठीनं ते प्रथिन डीएनए धरतं, तिला होमिओडोमेन म्हणतात. ही मूठ समजावताना सर समोरच्याचं मनगट असं आवळत, की हातातला चहा बशीत यायचा. एका लग्नात भटजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" अशी हाक दिली आणि सर खुर्चीवरून उठलेच. "हाच! हाच प्रॉप-वन! मामानं आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. पण आणली की मामानं बाजूला व्हायचं. तो मधेच उभा राहिला तर लग्न लागंल का?" खरा मामा बिचारा नवरीचा हात धरून वाटेतच थांबला. "सर, मग आता जाऊ का पुढं?"

सोयगावजवळच्या एका वस्तीवर, मेंढ्या राखणाऱ्या घरात, सरांना शीतल भेटली. वय तेरा, उंची सात वर्षांच्या पोरीची. दोन वर्षांनी धाकटी बहीण तिच्याहून हातभर उंच. सर माझ्या कानात म्हणाले, "हिच्या मामानं हिला मांडवात आणलंच नाही रे." जीनच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, बिघडलेल्या निघाल्या, की तो तपासणीचा कागद घेऊन तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि इंजेक्शनं सुरू करायची, असं तिच्या आजोबांशी ठरलं. वाढीचं वय सरायच्या आत हे व्हायला हवं होतं. नर्सबाईंनी दोघी बहिणींचं रक्त काढलं. शीतल सुईला भ्यायली, तेव्हा सरांनी तिला शब्द दिला, "एकदाच टोचायचं. पुन्हा नाही." मग दोन नळ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून निळ्या शाईनं नावं लिहिली. स्वतः ते वस्ती मोजायला मागं थांबले (माणसं संपल्यावर मेंढ्यासुद्धा मोजल्या म्हणे) आणि बर्फाचा डबा घेऊन मी निघालो.

फर्दापूरला बस बदलायची होती. बर्फ बघावा म्हणून मी डबा उघडला, तर निळ्या पाण्यात दोन नळ्या तरंगत होत्या. नावं पुसून गेलेली. वस्ती काही फार लांब नव्हती. परत गेलो असतो तर पुन्हा रक्त काढता आलं असतं. पण ऊन होतं, कंटाळा होता, आणि सरांसमोर उभं राहायची लाज होती. एका नळीत रक्त जरा कमी दिसलं. लहान हातातनं कमीच निघालं असणार, असं म्हणून मी त्या नळीवर बॉलपेननं शीतलचं नाव लिहिलं, दुसरीवर धाकटीचं.

तपासणीचा कागद आला. धाकटीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, शीतलची एकच, दुसरी शाबूत. म्हणजे उंच पोरगी आजारी आणि बुटकी धडधाकट! मला त्या क्षणी कळलं. सरांनाही शंका आली. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "नळ्यांवरची नावं नीट होती ना रे?"

"हो सर. तुमच्याच अक्षरात."

त्यांनी स्वतःच्या अभ्यासापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. पुन्हा रक्त घ्यायचं तर पोरीला दिलेला शब्द मोडत होता. ते स्वतः वस्तीवर गेले, मीही सोबत होतो. शीतलच्या आजोबांना हात जोडून म्हणाले, "आबा, माझा अंदाज चुकला. पण डॉक्टरांना एकदा दाखवाच."

आबा म्हणाले, "एवढ्या लांब येऊन सांगितलं सर, लई झालं. आता लेकराच्या नशिबात असंल तेवढी उंची." चुकलेल्या माणसाच्या सल्ल्यावर मेंढ्या सोडून शहर कोण गाठतो? त्या दिवाळीला सरांनी चौकट रंगवून घेतली. टेप शिवणाच्या डब्यात गेला. पुढं त्यांनी कुणाला उंची विचारली नाही, त्यामुळं लोकांना ओळखणंही त्यांना जड जाऊ लागलं.

गेल्या रविवारी त्याच चौकटीत उभं राहून मी सगळं सांगितलं. सर क्षणभर लहान पोरासारखे खुलले. "म्हणजे मामाच! माझं बरोबर होतं!" मग चेहरा उतरला. माझं मनगट धरलं, पण पूर्वीसारखं घट्ट नाही.

"सहा वर्षं लेकरू मांडवाबाहेर उभं राहिलं रे."

थोड्या वेळानं ते उठले आणि शिवणाच्या डब्यातनं टेप काढून खिशात घातला. "वाढ कधी कधी उशिरापर्यंत शिल्लक असते. डॉक्टर बघतील. पुन्हा टोचावं लागेल तिला. चल, मी सांगतो. शब्द माझा होता."

मी नको म्हणालो. शब्द त्यांचा होता, पण मोडला मी. शीतल आता एकोणीस वर्षांची आहे. तिला पुन्हा का टोचायचं, हे तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.