बर्फावरचा पाऊस

ऑफिसातली माझी मैत्रीण काही महिन्यांसाठी खाणीवर गेली आणि इथे परदेशात, क्लेमेंटी या उपनगरातल्या तिच्या आईच्या फ्लॅटमधली तिची खोली मला भाड्याने मिळाली. खाण तांब्याची, दूर थंड मुलखातल्या डोंगरात. खाणीच्या खड्ड्यात पाणी शिरू नये म्हणून तिथला ओढा कालवा काढून बाजूने वळवला होता. त्यात कधी किती पाणी येईल, याचा अंदाज बांधणं हे आमचं काम. ती तिथे बर्फाची खोली मोजायची आणि मी इथे एसीत बसून गणितं मांडायचे. खरा बर्फ मी तोवर पाहिलाही नव्हता.

तिची आई, आमची आंटी, रोज सकाळी कॉफी ढवळत विचारायची, "नदी कशी आहे?" एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं. त्या ओढ्याला ती नदीच म्हणायची. मी म्हणायचे, "शांत आहे, आंटी."

थंडी सरली, तिथे पहिला पाऊस पडला आणि ओढा हललाच नाही. पुण्यात वाढलेल्या मला हे काही पटेना. क्लेमेंटीत तर एका जोरदार सरीत आमच्या इमारतीखालचा कालवा भरून वाहायला लागायचा. मी फोनवर तिला म्हटलं, "माझं गणित चुकलंय बहुतेक."

"चुकलं नाही," ती म्हणाली. "बर्फ पाणी पितोय. पोट भरलं की सगळं एकदम सोडेल."

मग एका शुक्रवारी हवामानाचा नवा अंदाज आला. उबदार वारा आणि शिखरापर्यंत बर्फाऐवजी पाऊस. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी एकत्रच खाली येणार होतं. उत्तर बघून मी गणित पुन्हा मांडलं. तेच आलं: ओढा दुथडी भरून वाहणार. पाण्याची पातळी मोजणारं यंत्र ओढ्याच्या पलीकडे होतं आणि मैत्रीण दर शनिवारी लाकडी साकवावरून तिकडे जायची. मी फोन केला, लागला नाही. "उद्या साकवावर जाऊ नकोस," अशी मेल केली. उत्तर आलं नाही.

शनिवारी घरी लॅपटॉपवर मी त्या यंत्राकडून उपग्रहामार्गे येणारी पातळीची रेघ वर चढताना बघत बसले. दुपारी ती एकाएकी थांबली. उतरली नाही, नुसती तुटली.

आंटी दारात उभी होती. "काय झालं?"

"नदी खूप वाढलीय. तिचा फोन लागत नाही."

आंटीने जाऊन गॅस बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "ती पोहण्यात चांगली आहे." त्या पाण्यात पोहणं कामाला येत नाही, हे मला माहीत होतं. मी तिचा हात धरला. घरात बसवेना म्हणून आम्ही दोघी खाली उतरलो आणि इमारतीभोवती चालत राहिलो.

रविवारी सकाळी फोन वाजला. आंटीने तो कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि आपल्या होक्कियन बोलीत लेकीला जी झोडपायला सुरुवात केली, ती थांबेचना. मला शब्द एक कळत नव्हता, पण तो सूर आमच्या घरातही ऐकलेला होता. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले.

फोन माझ्याकडे आला. "वाऱ्याने शुक्रवारीच मोबाइलचा टॉवर पडला होता," मैत्रीण म्हणाली. "साकव गेला, यंत्रही गेलं. तुझी मेल मी आत्ता पाहिली."

"मग काल तू गेली नाहीस कशी?"

"सकाळीच पाणी चहासारखं झालं होतं, ओंडके वाहत येत होते. ते बघून कुणी खालीच उतरलं नाही."

"आणि कालवा?"

"काठोकाठ भरला. पण टिकला."

माझ्या मेलचा काडीचा उपयोग झाला नव्हता, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. आंटीने सकाळीच मासे तळायला घेतले. आम्ही पोटभर जेवलो. मग मी आडवी झाले ती थेट संध्याकाळी उठले. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि आंटीने खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले माझे कपडे आत घेऊन, घड्या घालून खुर्चीवर ठेवले होते.