घरचा अंपायर

माझे बाबा फार प्रामाणिक आहेत, असं मस्कतमधले निम्मे मराठी लोक सांगतील. मी सांगणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही अल् घुब्रात राहायचो. मुलींची सॉफ्टबॉल लीग हौशी पालकच चालवायचे. दर शुक्रवारी अल् खुवैरच्या खडकाळ मैदानावर फक्की मारणं, बेस मांडणं, अंपायर होणं, सगळं तेच करायचे. बाबा जन्मभर फक्त क्रिकेट खेळलेले, पण नियमांच्या झेरॉक्स लाल पेनाने रंगवून त्यांनी पाठ केल्या होत्या. इंजिनिअर ना!

मी सातवीत होते. एका सामन्यानंतर आमच्या बिल्डिंगमधले एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "अंपायरच घरचा म्हटल्यावर पोरगी सेफच असणार की!" सगळे हसले. बाबाही हसले, पण घरी येऊन धड जेवले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी शेवटचा सामना होता. आम्ही एका धावेने मागे होतो. नुसती बरोबरी झाली असती तरी गुणांवर आमचाच संघ दुबईच्या स्पर्धेला जाणार होता. दुबईशिवाय मी त्या वर्षी दुसरं काही बोलतच नव्हते. शेवटचा डाव, आमच्या दोघी आऊट, मी तिसऱ्या बेसवर. मैत्रिणीने चेंडू टोलवला आणि मी जीव खाऊन पळत सुटले. घसरले, गुडघा सोलवटला, पाय होम प्लेटला लागला, म्हणजे धाव पूर्ण. त्यानंतर कॅचरचा चेंडू धरलेला ग्लव्ह माझ्या खांद्याला लागला. त्यानंतर!

बाबांनी मूठ वर केली. "आऊट!"

टाळ्या पडल्या त्या जिंकलेल्या मुलींसाठी नव्हत्या, बाबांसाठी होत्या. त्याच काकांनी त्यांची पाठ थोपटली. "मानलं बुवा तुम्हाला!" माझ्या संघातल्या मुली रडत होत्या आणि बाबा नव्या नवरदेवासारखे लाजत होते. मला त्यांची किळस आली.

गाडीत मी विचारलं, "बाबा, बट मी सेफ होते. राइट?"

त्यांनी राउंडअबाउट पार केला. मग म्हणाले, "होतीस गं. पण सेफ दिलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. दुबईला काय, पुढच्या वर्षी जाशील."

पुढच्या वर्षी मी त्या वयोगटात बसणार नव्हते. नियम पाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक होतं.

मग घरी कोणी जेवायला आलं की बाबा हाच किस्सा सांगायचे. "सख्ख्या मुलीलासुद्धा आऊट दिलंय मी!" दोन वर्षं मी पोळ्या वाढता वाढता ते ऐकून घेतलं. एकदा मात्र डोकं फिरलं.

"मी सेफ होते," मी पाहुण्यांना म्हणाले. "बाबांनी स्वतः सांगितलंय मला, गाडीत."

सगळे बाबांकडे बघू लागले. त्यांनी शांतपणे घास गिळला आणि अगदी मायेने म्हणाले, "बघा, अजून पचनी पडत नाही बिचारीच्या."

पाहुणे खो खो हसले. आईसुद्धा हसली.