तिसऱ्या वळणावरचे डाग

गाडी घरी आली त्याच दिवशी मी तिची चाकं काढली. चालवून बघायच्या आधी. बायको म्हणाली, "नवी आहे ना? मग बिघडलं काय?" बिघडलं काहीच नव्हतं. चाक कशावर फिरतं, एवढंच मला बघायचं होतं.

मी जळगावात एका डाळमिलमध्ये यंत्रांची देखभाल करतो. चाळण्या, पट्टे, एलेव्हेटर, बेअरिंग. दिवसभर ज्याचा आवाज ऐकतो तेच घरी येऊन पुन्हा हातात घ्यावंसं का वाटतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षीही कळलेलं नाही. गाडी रिमोटवर चालणारी, खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि तिच्या जातीतली सगळ्यांत स्वस्त. आमच्या क्लबात सगळ्यांकडे हीच. जळगाव आणि धुळ्याचे आम्ही दहा-बारा जण, एक रविवार आड धुळ्यातल्या एका शाळेच्या स्केटिंगच्या मैदानावर जमतो. मोटर सगळ्यांची सारखी, सीलबंद. बाकी बेअरिंग, स्प्रिंग, ऑइल ज्याने त्याने आपल्या अकलेने बदलायचं. टायरच्या बाबतीत मात्र एकच नियम: कोरड्या फडक्याने पुसायचे, दुसरं काहीही लावायचं नाही.

चाकाच्या आत बेअरिंग नव्हतंच, प्लास्टिकचं बुश, म्हणजे नुसती कडी होती. मी एक फळी उंबऱ्याला टेकवली, गाडी वरून सोडली आणि ती किती फरशा जाते ते मोजलं. साडेचार. मग सगळी बुशं काढून बॉल बेअरिंग बसवली आणि पुन्हा सोडली. अकरा फरशा जाऊन ती दिवाणाखाली शिरली. मी पालथा पडून तिला बाहेर काढत असताना इतका खूश होतो की बायकोला हाक मारली. ती आली, बघून गेली. तिच्या मते अकरा फरशा गेलेल्या गाडीचा घराला तसा काही उपयोग नव्हता.

पुढचं वर्षभर हेच चाललं. मुळात नुसत्या स्प्रिंगा होत्या, त्या काढून ऑइल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. घट्ट ऑइल घातलं की गाडी दगडासारखी आदळायची, पातळ घातलं की होडीसारखी डोलायची. मागच्या चाकांच्या आत एकेक मिलीमीटरचे दोन-दोन वॉशर घालून मागची रुंदी वाढवली. यातलं निम्मं मला आबांनी शिकवलं.

आबा यावलकडचे. साठी ओलांडलेली. तीस वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात गेज आणि मीटर दुरुस्त केले, आता घरची केळी बघतात. शर्यतीच्या रविवारी ते पहाटेच्या बसने जळगावला यायचे आणि तिथून माझ्या मोटारीतून आम्ही धुळ्याला जायचो. त्यांची रिमोटची गाडी केळीच्या खोक्यात असायची, आणि हातात पिशवी. पिशवीत माझ्या घरासाठी कधी केळीच्या फण्या, कधी केळफूल. वाटेत ते वीजकेंद्रातल्या गोष्टी सांगायचे. एक मला पाठ झाली होती: त्यांच्या शिफ्टमध्ये ज्याच्या हातून वीजनिर्मितीचा संच बंद पडेल, त्यानेच लॉगबुकात ते लिहायचं. दुसऱ्याने लिहायचं नाही, साहेबानेही नाही. "मानूस पेन उचलेलोक सगळे गप बसत," आबा म्हणायचे. त्यांच्या बोलीत 'लोक' म्हणजे 'पर्यंत'. "कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. पन थांबत."

माझी गाडी आता सरळ रेषेत कोणालाही मागे टाकायची. वळणावर मात्र तिचा मागचा भाग घसरायचा. मैदानाच्या तिसऱ्या वळणावर, जिथे सिमेंटवर कायम बारीक धूळ असते, तिथे तर हमखास. मी स्प्रिंगा बदलल्या, वजन मागे सरकवलं, टायर तासन्‌तास उन्हात ठेवून पाहिले. घसरायची ती घसरायचीच. हे एक कोडं माझ्या डोक्यात दळणासारखं फिरत होतं, तेव्हाच एका संध्याकाळी बायकोने केळफूल सोलायला घेतलं.

आमच्याकडे केळफूल सोलताना हाताला तेल लावतात. मी मदतीला बसलो आणि तेल लावायला विसरलो. थोड्या वेळाने माझी बोटं एकमेकांना चिकटली. चीक पाण्यासारखा स्वच्छ होता, रंग नाही, वास नाही. मी बोट फरशीवर टेकवून ओढलं. ओढता येईना. बायको काहीतरी बोलत होती. मी उठून गाडी आणली, मागच्या टायरांना चीक चोळला आणि ती फरशीवर आडवी ढकलून पाहिली. घसरली नाही. घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी चिकटपणा गेला. ओल्या फडक्याने फरशी पुसली, तीही स्वच्छ झाली.

नियम मला ठाऊक नव्हता असं मी म्हणणार नाही. मी स्वतःला म्हणालो, हा नुसता प्रयोग आहे. प्रयोग हा शब्द फार सोयीचा असतो.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी आबांनी नेहमीप्रमाणे पिशवी दिली. त्यात केळफूल होतं. मी ते डिकीत ठेवलं. अंतिम फेरीच्या आधी मैदानाबाहेर, डिकीच्या आडोशाला, त्याचा देठ कापून मागच्या दोन्ही टायरांना चोळला. फेरी पाच मिनिटांची. तिसऱ्या वळणावर गाडी अशी वळली की जणू कोणी तिला धरून वळवलं. चीक मध्येच सुकला, पण सुरुवातीला मिळालेलं अंतर शेवटपर्यंत पुरलं. मी पहिला आलो, आयुष्यात पहिल्यांदा. आबा एका गाडीच्या अंतराने दुसरे. बक्षीस म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. परतताना आबा म्हणाले, "भाऊ, आज तुह्या गाळीनं जमीन धरली व्हती. कोनती स्प्रिंग घातली?" मी म्हणालो, "मऊ." तेवढं एक खोटं बोललो आणि गाडीचा वेग वाढवला.

केळीचा डाग कपडा फाटला तरी जात नाही, हे खानदेशातल्या लहान पोरालाही माहीत असतं. चीक लागतो तेव्हा दिसत नाही, दिवस गेला की काळा पडतो. मलाही माहीत होतं. पण कपड्याबद्दल. घरची गुळगुळीत फरशी पुसली गेली म्हणून मी निर्धास्त होतो. खरबरीत सिमेंट चीक पिऊन टाकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा शाळेचा शिपाई फाटकातच उभा होता.

"हाई काय शे, भाऊ?" तो म्हणाला. "बठ्ठा सिमेंटवर डाग पडी ग्यात. धुईसन बी जातस नही. मोठ्या बाई माले बोलतीस."

मैदानावर तपकिरी-काळ्या रेघा होत्या. सुबक, वळणावळणाच्या, एकावर एक. मुख्याध्यापिकांचा निरोप असा होता की ज्याने हे केलं तो पुन्हा मैदानात दिसता कामा नये, नाहीतर मैदानच बंद. क्लबाचा कारभार धुळ्यातला एक मोटर वाइंडिंग करणारा बघतो. तो खाली बसला, रेघेवर बोट घासलं, आणि मान वर न करता म्हणाला, "हा तर केळीचा डाग."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आधी थट्टाच होती. "आबा, बागेतलं खत टायरलाही घालता काय?" एक जण म्हणाला. आबा हसले. "मी नही लावलं, बापा."

"मग काय केळी एसटीनं आली धुळ्याला?"

"माह्यासंगं बरेचदा येते," आबा म्हणाले, आणि तिथे हसणं थांबलं. कारण ते खरंच होतं.

वाइंडिंगवाला वाईट माणूस नाही. त्याने आबांना बाजूला नेलं, हळू आवाजात बोलला. मैदान गेलं तर क्लब गेला, तीन महिने तुम्ही येऊ नका, मग बघू. आबा म्हणाले, "पन मी लावलं नही ना." वाइंडिंगवाला म्हणाला, "आबा, तुम्ही दुसरे आला होता." म्हणजे त्याच्या हिशेबाने गरज दुसऱ्याला, पहिल्या आलेल्याला कसली. मी चार हात लांब उभा होतो. हातात माझी गाडी होती, तिचे मागचे टायर माझ्या छातीशी होते.

परतीच्या वाटेवर आबा चिडलेले नव्हते. ते विचार करत होते, मोठ्याने. "मानूस हुशार हाये, जो असीन तो. पन केळीच्या खोळाचं पानी इतकं चिकट नसते. आनि कितला वेळ चिकट राहत असीन?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. दहा मिनिटं. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत असलं की ते सांगून टाकायची मला सवय आहे. त्या दिवशी मी समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. पारोळ्याच्या जवळ आबा अचानक म्हणाले, "केळफूल. केळफुलाचा चीक असीन." मग ते खिडकीबाहेर बघू लागले. एरंडोल गेलं, पाळधी गेली. जळगावच्या बसस्थानकावर खोकं काखेत मारून ते उतरले. पिशवी त्या दिवशी त्यांनी दिली नाही, ती तशीच त्यांच्या हातात होती.

मधल्या रविवारी मी एकटाच धुळ्याला गेलो. बादली, ब्रश, लिंबं, धुण्याचा सोडा घेऊन. शिपायाने फाटक उघडलं आणि सावलीत बसून बघत राहिला. दोन तास घासलं. रेघा फिकट झाल्या, गेल्या नाहीत.

मग एक गोष्ट झाली, जी सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. घासता घासता मी रेघा वाचायला लागलो. गाडी नेमकी कुठून जाते हे धावताना कधी दिसत नाही. इथे ते लिहिलेलं होतं. तिसऱ्या वळणावर मी दर चकरेला हातभर आधीच वळत होतो. म्हणून बाहेर पडताना मागचा भाग फेकला जायचा. टायरचा दोष नव्हताच. वर्षभर जे कोडं घेऊन फिरत होतो, त्याचं उत्तर माझ्या गुडघ्यांखाली होतं, आणि ते बघून मला आनंद झाला. डाग पुसायला आलेला माणूस खडूने त्यांच्यावर खुणा करत होता.

शिपाई उठून आला. "काय गावनं?" त्याने विचारलं. सापडलं का काही, असं.

"माझीच गाडी," मी म्हणालो. कोणापुढे पहिल्यांदा बोललो तो हा माणूस.

तो पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवून परत सावलीत गेला.

मी टेप काढून दोन रेघांमधलं अंतर मोजलं. बाहेरून बाहेर ते सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा चार मिलीमीटर जास्त भरलं. माझे चार वॉशर. आबांच्या गाडीला वॉशर नाहीत. टेपसकट रेघांचा फोटो काढला, माझ्या गाडीच्या मागच्या चाकांचाही काढला, आणि क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "डाग माझ्या गाडीचे आहेत. केळफुलाचा चीक मी लावला. आबांचा काही संबंध नाही. त्या दिवशी मी समोर उभा होतो आणि बोललो नाही."

मी मैदानातूनच आबांना फोन लावला. त्यांनी वाचलं होतं.

"मले पारोळ्यापासी समजलं व्हतं," ते म्हणाले. "केळफूल मी एकट्या तुलेच देलतं."

"मग बोलला का नाही, आबा?"

"मी कसाले बोलू? लिहायचं तुले व्हतं." मग म्हणाले, "एरंडोललोक वाट पाह्यली, भाऊ. मंग म्हटलं, जळगाव येईन तवा सांगीन. मंग जळगाव आलं."

त्यांनी फोन ठेवला. रागाने नाही, नेहमीसारखाच, "ठेवतो" म्हणून.

आबांवरची बंदी उठली आणि माझ्यावर आली. वाइंडिंगवाल्याने मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला बोलावून घेतलं, उभ्यानेच ऐकून घेतलं, आणि तीन महिने दर शर्यतीला मैदान मी झाडायचं, या अटीवर आत येऊ दिलं. डबा मी परत केला. बायकोने त्यात शेंगदाणे भरले होते. ती म्हणाली, "आता हे कशात काढू?" आणि शेंगदाणे परातीत ओतले.

मैदानात येता येतं पण शर्यतीला बंदी आहे, अशा माणसाला आमच्याकडे मार्शलचं काम असतं. वळणावर उभं राहायचं, कोणाची गाडी उलटली की सरळ करून द्यायची. मला तिसरं वळण मिळालं. मी डागांच्या शेजारीच उभा होतो. आबा त्या दिवशी वाइंडिंगवाल्याच्या भावासोबत आले होते, माझ्या गाडीतून नाही. सकाळपासून आमचं बोलणं झालं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत त्यांची गाडी माझ्यासमोर उलटली. मी धावत जाऊन ती उचलली. सरळ करून ठेवणार तेवढ्यात मैदानाच्या कडेवरून त्यांचा आवाज आला.

"मागचं उजवं चाक हालते का, पाह्य!"

बाकीच्या गाड्या माझ्या पायांजवळून सुसाट जात होत्या. मी चाकाला हात घालणार, तर ते पुन्हा ओरडले.

"आधी हात पुस!"

कडेचे सगळे हसले. मी दोन्ही हात पँटला पुसले, पुढून आणि मागून, मग चाक धरून हलवलं. नट ढिला होता. चिमटीने जमेल तेवढा आवळला आणि गाडी खाली ठेवली. ती निघाली, आणि मी बघत राहिलो की आबा कुठून वळतात. माझ्यापेक्षा बरंच उशिरा वळत होते.