काल्पनिक भेंडी

द्वारकेतल्या आमच्या दिवेवाल्याला गिऱ्हाईक परत पाठवायची हौसच आहे. परवा मी झुंबर दाखवलं, तर म्हणाला, "साफ कौन करेगा, जी?" मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघायला लागला. झुंबर बाद!

"अच्छा, किचन के लिए बड़ी ट्यूब दे दो."

तो काउंटरमागून बाहेर आला, दुकानातल्या ट्यूबकडे पाठ करून उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे काल्पनिक भेंडी चिरायला लागला. त्याची लठ्ठ सावली बरोब्बर त्याच्याच हातांवर पडली.

"उँगली कटेगी," म्हणत त्याने कपाटाखाली लावायची एलईडीची पट्टी काढली. "पाँच वॉट. बस."

पंधरा वर्षं मी स्वतःच्याच सावलीत भाजी चिरतेय. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.